चार ऋतूंचे उपवास आणि घरातली भाकरी



आज बोलायचं आहे उपवासाबद्दल. आपल्या नेवासा तालुक्यात उपवास काही नवा नाही. कुणाची एकादशी, कुणाची चतुर्थी, कुणाचा सोमवार, कुणाचे रोजे. त्यातच आपल्या गावात, वस्तीवर, बचत गटात बसणाऱ्या ख्रिस्ती बायकाही आहेत. त्यातल्या कॅथलिक घरांत राखेचा बुधवार आला की उपवास सुरू होतो. मग शेजारीण विचारते, "अगं, दुपारी तर भाकरी खाताना पाहिलं तुला, आणि म्हणतेस उपास आहे! हा कसला उपास?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं नीट उत्तर पुष्कळदा आपल्याच बायकांना देता येत नाही. "आमच्यात असंच असतं" म्हणून विषय संपतो.

म्हणून आज तीन गोष्टी पाहू. कॅथलिक उपवास म्हणजे नक्की काय, वर्षात चार वेळा येणारे ऋतूंचे उपवास कुठून आले, आणि घरात चूल सांभाळणाऱ्या बाईने या उपवासाचं काय करायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती कॅथलिक नसलेल्या मैत्रिणींनाही लागू पडेल.

उपवास आणि मांसवर्ज्य

आपल्याकडे उपवास म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो साबुदाणा. मग भगर, राजगिरा, शेंगदाणे, रताळी. काय चालतं आणि काय चालत नाही, यावर तो उपवास ठरतो. ज्वारी, बाजरी, गहू चालत नाही, पण फराळ चालतो.

कॅथलिक उपवासाचा हिशेब निराळा आहे. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट म्हणजे उपवास. यात दिवसात एकदाच पोटभर जेवायचं. बाकी दोन वेळा थोडंसं खायला हरकत नाही, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. भाकरी खा, पोळी खा, भात खा, धान्याला मनाई नाही. मोजायचं आहे ते किती खाल्लं हे. दुसरी गोष्ट म्हणजे मांसवर्ज्य. त्या दिवशी मटण नाही, कोंबडी नाही. अंडं, दूध, मासे चालतात. त्यामुळे शुक्रवारी एखाद्या घरात नाथसागराच्या फुगवट्यातले मासे शिजले, तर त्या घराने नियम मोडला असं नाही.

आता हे कधी आणि कुणासाठी? १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवास आणि मांसवर्ज्य दोन्ही सक्तीचे आहेत ते वर्षातले दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वर्षातले सगळे शुक्रवार प्रायश्चित्ताचे मानले जातात. शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं, किंवा त्या देशाच्या बिशपांनी ठरवून दिलं असेल त्याप्रमाणे दुसरा त्याग, प्रार्थना, दानधर्म करायचा. आपल्या धर्मग्रामात नेमकं काय धरलं जातं, ते फादरांना विचारून घ्यावं.

वयाचंही ठरलेलं आहे. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. उपवास अठरा पूर्ण झाल्यावर लागतो आणि एकोणसाठ पूर्ण झाली, साठावं लागलं, की सुटतो. म्हणजे तिसरी-चौथीतल्या लेकराला उपाशी ठेवायला चर्च सांगत नाही आणि सत्तरीतल्या आजीलाही सांगत नाही. लेकरांना उपवासाचा अर्थ समजावून सांगावा, पोट मात्र भरलेलं असू द्यावं.

आणखी एक छोटा उपवास आहे, ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये हा उपवास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एक तासाचा केला. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही. म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारी माणसं यांना तर तो एक तासही लागू नाही. रविवारी सकाळी गोळी घ्यायची राहिली आणि "मिस्सा झाल्यावर घेऊ" म्हणून थांबणाऱ्या आज्यांनी हे लक्षात ठेवावं. गोळी वेळेवर घ्या.

वर्षातले बारा दिवस

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात, पण रविवारी उपवास नसतो, म्हणून सहा रविवार वगळून चाळीस धरतात. ईस्टर कधी येतो याचाही हिशेब आपल्या बायकांना जमण्यासारखा आहे. २१ मार्चनंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार. कधी ती होळीची पौर्णिमा असते, बहुतेक वेळा हनुमान जयंतीची.

पण या मोठ्या उपवासाशिवाय जुन्या काळी आणखी एक उपवास होता. तो आता पुष्कळांना ठाऊकही नाही. वर्षात चार वेळा, दर ऋतूला एकदा, एका आठवड्यातले बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस. चार त्रिक बारा. लॅटिन भाषेत त्यांना 'क्वातुओर तेंपोरा' म्हणत, म्हणजे 'चार काळ'. इंग्रजीत 'एम्बर डेज' म्हणतात. आपण त्यांना सरळ चार ऋतूंचे उपवास म्हणू.

पहिले तीन दिवस उपवासकाळाच्या पहिल्या रविवारनंतर येत. दुसरे पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या आठवड्यात, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी. तिसरे १४ सप्टेंबरच्या पवित्र क्रूसाच्या सणानंतर. चौथे १३ डिसेंबरच्या संत लुसीच्या सणानंतर, नाताळच्या तोंडावर.

बुधवार, शुक्रवार, शनिवारच का? बुधवारी यहूदाने येशूला धरून देण्याचा सौदा केला, शुक्रवारी येशू क्रूसावर गेला आणि शनिवारी त्याचा देह कबरेत होता, असं त्यामागे धरलं जातं.

हे उपवास निघाले रोम शहरात. पाचव्या शतकात पोप झालेले संत लिओ यांची या उपवासांवरची प्रवचनं आजही उपलब्ध आहेत. त्यांची कारकीर्द ४४० ते ४६१. त्या काळीही लोक हे उपवास जुनी चाल म्हणूनच पाळत होते. बायबलमध्ये जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यातल्या उपवासांचा उल्लेख येतो. अकराव्या शतकात पोप सातवे ग्रेगरी यांनी चारही उपवासांचे आठवडे पक्के केले. त्या शनिवारी नव्या धर्मगुरूंना दीक्षा देण्याचीही पद्धत होती.

या उपवासांची सांगड शेतीशी होती. तिकडे गहू जूनच्या सुमाराला हाती येतो, द्राक्षं सप्टेंबरात, ऑलिव्हचं तेल थंडीच्या तोंडावर. भाकरी, द्राक्षारस आणि तेल, या तिन्ही गोष्टी चर्चच्या विधीतही लागतात. पीक हाती आलं की पहिल्यांदा हात आखडता घ्यायचा. जे आलं ते देवाचं देणं आहे हे आठवायचं, आणि ज्याच्या घरी आलं नाही त्याला द्यायचं. संत लिओंचा जोर याच गोष्टीवर होता. आपण जो घास सोडला, तो गरिबाच्या ताटात गेला पाहिजे. तो आपल्याच डब्यात शिल्लक राहिला, तर ती नुसती काटकसर झाली.

एक गंमत सांगते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक जपानला गेले. उपवासाच्या दिवसांत मांस चालत नाही, म्हणून ते भाज्या आणि मासे पिठात बुडवून तळून खात. आपल्या भज्यांसारखंच. जपानी लोकांनी तो पदार्थ उचलला आणि आज तो 'टेंपुरा' नावाने जगभर खाल्ला जातो. हे नाव 'तेंपोरा'वरूनच आलं असं सांगतात. आपल्याकडे पाव हा शब्दही पोर्तुगीजांचाच. माणसं येतात-जातात, खाण्याच्या सवयी मागे राहतात.

मग हे उपवास गेले कुठे?

१९१७ च्या धर्मसंहितेत हे बारा दिवस उपवासाचे आणि मांसवर्ज्याचे म्हणून लिहिलेले होते. उपवासकाळातले रविवार सोडून सगळे दिवस उपवासाचे होते. जुन्या माणसांच्या तोंडून कडक उपवासांच्या गोष्टी ऐकू येतात, त्यामागे हा जुना नियम आहे.

१७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम नव्याने सांगितले. सक्तीच्या उपवासाचे दिवस दोनच राहिले. पुढे १९६९ मध्ये चर्चचं सगळं पंचांग नव्याने लावलं गेलं. त्यात चार ऋतूंचे दिवस रद्द केले नाहीत, पण सक्ती काढली. या दिवसांत माणसांच्या गरजांसाठी, शेतातल्या पिकासाठी आणि माणसाच्या कष्टासाठी प्रार्थना करावी, देवाचे आभार मानावेत, आणि हे कधी व कसं करायचं ते त्या त्या देशाच्या बिशपांनी तिथल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावं, असं सांगितलं.

म्हणजे आज या बारा दिवसांचा उपवास केला नाही तर पाप लागत नाही. कुणाला करावासा वाटला तर तो मनापासून करायचा उपवास आहे. आणि 'तिथल्या परिस्थितीप्रमाणे' हे शब्द आपल्यासाठी फार कामाचे आहेत.

रोमचा हंगाम आणि नेवाशाचा हंगाम

आपल्या भागातली कॅथलिक मंडळी पूर्वी पुणे धर्मप्रांतात होती. तो १८८६ मध्ये स्थापन झाला. १९८७ पासून नगर जिल्हा नव्या नाशिक धर्मप्रांतात आला. इथलं मिशनकाम सुरुवातीला जर्मन जेझुइट फादरांनी केलं. त्यांच्याकडचं पंचांग युरोपच्या हंगामाचं होतं. पण प्रवरेच्या काठावरची शेती काही रोमच्या वेळापत्रकाने चालत नाही. हे चार आठवडे आपल्याकडे कसे येतात ते पाहा.

पहिला आठवडा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्वारी काढणीला आलेली, हरभरा उपटायचा, गहू पिवळा पडलेला, कांदा काढायचा. ऊसतोडीचा शेवटचा टप्पा. घरात धान्य येतं, पण बाईचा पाय घरात टिकत नाही.

दुसरा मे-जूनमध्ये. तिकडे गहू कापतात आणि आपल्याकडे कणग्या रिकाम्या होत आलेल्या असतात. विहीर तळाला गेलेली. बियाणं आणायचं, खत आणायचं, पोरांच्या वह्या-पुस्तकं, गणवेश घ्यायचे. गटाकडे कर्जाचे सगळ्यात जास्त अर्ज याच महिन्यात येतात. रोमकरांचा हा भरल्या घराचा उपवास आपल्याकडे रिकाम्या घरात येऊन पडतो.

तिसरा सप्टेंबरमध्ये. मूग, उडीद घरात आलेले, बाजरी कापणीला, सोयाबीन शेंगेत भरलेलं. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्या सुमाराला हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. श्रीरामपूर तालुक्यातल्या या यात्रेला आपल्या भागातून सगळ्या जातिधर्माच्या बायका जातात. तिसरा उपवास यात्रेच्या पाठोपाठ येतो.

चौथा डिसेंबरमध्ये. कापूस वेचणी, गव्हाला पाणी, कारखाने जोरात, ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या. आणि घरात नाताळच्या करंज्यांची तयारी.

आपल्या मुलखात हंगाम आणि धर्म एकत्र आल्याची उदाहरणं आहेतच. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतात. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यात 'कोणसांचें फेस्त' असतं. राय गावात ५ ऑगस्टला नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. त्यांनी आपापल्या भाताच्या वेळेला सण लावून घेतला. मग आपणही आपल्या बाजरीच्या, ज्वारीच्या वेळेला काही करू शकतो. सप्टेंबरात पहिली बाजरी आली की पायलीभर धान्य चर्चमध्ये नेऊन ठेवायचं आणि तिथून ते गावातल्या एकट्या म्हातारीच्या घरी पोचवायचं. असं केलं तर चार ऋतूंचा उपवास नेवाशाचा होईल.

उपवास घराचा, भार कुणावर?

आता तिसरी गोष्ट. मैत्रिणींनो, ही जरा मन लावून ऐका.

घरात उपवास असला की काय होतं? कारभारी एक वेळ जेवणार, त्यांच्यासाठी वेगळं. सासूबाईंना पथ्य, त्यांच्यासाठी वेगळं. पोरांना उपवास नाही, त्यांचा डबा वेगळा. सगळ्यांचं करून बाई स्वतःचा उपवास करते, तो मात्र कुणी ठरवून दिलेला नसतो. सकाळी चहा, दुपारी शेतात कुणाबरोबर अर्धी भाकरी, रात्री उरलं तर. आणि उपवास नसतानाही तिचं ताट शेवटीच वाढलं जातं. म्हणजे घरातले बाकीचे ठरलेल्या दिवशी उपवास करतात, आणि ती वर्षभर अर्धपोटी राहून वर आणखी उपवास करते.

याचा परिणाम अंगावर दिसतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शंभरातल्या चोपन्न. म्हणजे वीस जणींचा गट असेल तर दहा-अकरा जणी. चढ चढताना धाप लागणं, सारखं थकल्यासारखं वाटणं, चक्कर, ओठ आणि डोळ्यांच्या आतली बाजू पांढुरकी दिसणं, ही त्याची लक्षणं. आपण म्हणतो, "कामाने होतं." कामाने होत असेलही, पण रक्त कमी असल्यानेही होतं.

मग चर्च अशा बाईला उपवास कर म्हणतं का? नाही म्हणत. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि अंगमेहनत करणारा मजूर यांना उपवासातून मोकळीक आहे, ही शिकवण जुनी आहे. संत थॉमस अक्विनास हे कॅथलिक चर्चचे मोठे विचारवंत, १२७४ मध्ये वारले. त्यांनी उपवास कुणाला लागू नाही याची चर्चा करताना लेकरांचा, कष्टाचं काम करणाऱ्यांचा आणि मागून तुकडे मिळवून पोट भरणाऱ्या गरिबांचा विचार केला आहे. ज्याला धड पोटभर मिळतच नाही, त्याच्यावर उपवासाची सक्ती कशी करायची?

आणि बघा, त्यानंतर थोड्याच वर्षांनी, शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये, आपल्या नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली. गीतेच्या सहाव्या अध्यायात येतं की जो अति खातो त्याला योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यालाही साधत नाही. खाणं, काम आणि झोप सगळं बेताचं हवं. याचं विवरण मराठीत पहिल्यांदा झालं ते आपल्याच गावात. वेगवेगळ्या धर्मांची ही माणसं, पण शरीर झिजवून देव भेटत नाही हे दोन्हीकडे सांगितलं आहे.

तेव्हा पहाटे तीनला उठून ऊस तोडायला जाणारी बाई, पोटुशी असलेली सून, सहा महिन्यांचं लेकरू अंगावर पिणारी आई, कावीळ-टायफॉइडमधून उठलेली मुलगी, यांनी उपवास केला नाही तर त्यांचं काही चुकत नाही. त्यांना कुणी "तुझी भक्ती कमी" म्हणू नये. सासूबाईंनी तर मुळीच म्हणू नये. उलट सुनेला हाताला धरून जेवायला बसवावं. शंका असेल तर फादरांना किंवा सिस्टरांना विचारावं.

उपवास करायचाच असेल तर

ज्या धडधाकट आहेत आणि ज्यांना मनापासून करायचा आहे, त्यांनी तो शहाणपणाने करावा. कोणत्याही धर्माच्या उपवासाला हे लागू आहे.

पाणी भरपूर प्या. कॅथलिक उपवासात पाण्याला बंदी नाही. मार्चच्या उन्हात कांदा काढताना पाणी टाळलं तर बाई शेतातच पडेल.

एकच मोठं जेवण असेल तर ते सकस असू द्या. बाजरीची भाकरी, मोड आलेले मूग किंवा मटकी, हिरवी पालेभाजी, वर लिंबू पिळा. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, तासभर थांबा. भाकरीऐवजी नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढला तर त्याने अशक्तपणा वाढतो.

साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. औषध घेऊन जेवण टाळलं की रक्तातली साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळणं, असं झालं तर माणूस शुद्धीत असेपर्यंत लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. तशीच गाडी करून दवाखान्यात न्या.

आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मोठ्या बाईचं बारा आणि गरोदर बाईचं अकरा, याच्या खाली असेल तर उपवास बाजूला ठेवा आणि लोहाच्या गोळ्या सुरू करा. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.

मिश्र घरं, मिश्र गट

आपल्याकडे एका घरातही दोन रीती असतात. कुणाची सून हिंदू घरातून आलेली, कुणाची बहीण बौद्ध घरात दिलेली. गटाची बैठक शुक्रवारी असते, एक जण उपवासाला, एक जण रोज्याला, एकीची संकष्टी. अशा वेळी थोडी माहिती असली तर कुणाचं मन दुखत नाही. कॅथलिक मैत्रिणीला शुक्रवारी जेवायला बोलवलं तर मटणाचा आग्रह नको, पिठलं-भाकरी तिला आनंदाने चालेल. तिला मुद्दाम साबुदाणा करायची गरज नाही. उपवासकाळात आणि नाताळच्या आधीच्या आगमनकाळात कॅथलिक घरांत सहसा लग्न ठेवत नाहीत. मार्चमध्ये सोयरीक जुळली आणि तिकडची मंडळी "ईस्टरनंतर बघू" म्हणाली, तर ती टाळाटाळ समजू नका.

सोडलेला घास कुठे जातो?

शेवटचं एक सांगते. उपवासाचा अर्धा भाग न खाण्यात आहे आणि अर्धा देण्यात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच सांगितलं आहे की देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं आणि दबलेल्याला मोकळं करणं. १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅरितास इंडिया ही कॅथलिक चर्चची संस्था उपवासकाळात भूक आणि आजार यांच्याविरुद्ध निधी गोळा करते, त्यामागेही हीच भावना आहे.

आपल्या महाराष्ट्राला हे शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी खेड्यापाड्यातल्या आयाबायांनी दळण-कांडण करताना मूठ-मूठ धान्य बाजूला काढलं. त्याला मुष्टिफंड म्हणत. त्या मुठीवर गरिबांची पोरं वसतिगृहात राहून शिकली.

आपल्या गटालाही हे जमेल. वर्षात चार आठवडे ठरवा, हवं तर हेच चार, फेब्रुवारी-मार्च, मे-जून, सप्टेंबर आणि डिसेंबर. त्या आठवड्यात प्रत्येकीने घरातल्या सोयीप्रमाणे मूठभर ते पायलीभर धान्य आणायचं. जिच्या घरी भरपूर आहे तिने जास्त, जिच्या घरी नाही तिने रिकाम्या हाताने यावं, तिला कुणी बोलू नये. जमलेलं धान्य गटातल्या बाळंतिणीला, एकट्या राहणाऱ्या आजीला किंवा कोपीवरच्या पोटुशी बाईला द्यायचं. मे-जूनचा आठवडा तर चुकवूच नका, कारण त्याच महिन्यात कुणाची तरी चूल अडलेली असते.

आणि त्या चार आठवड्यांत घरात आणखी एक नियम करून पाहा. रोज एक वेळ तरी घरातल्या बाईचं ताट सगळ्यांबरोबर वाढायचं. तिने उपवास करो अगर न करो, तिच्या वाट्याची भाजी आधी बाजूला काढून ठेवायची. कारभाऱ्यांना आणि पोरांना हा त्याग जड जाणार नाही. आणि बाईच्या रक्तात जे कमी पडलंय, ते भरायला तिथूनच सुरुवात होईल.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात हिमोग्लोबिन कुणाकुणाचं तपासलंय, ते एकमेकींना विचारा. ज्यांचं राहिलंय त्यांनी मिळून एक दिवस ठरवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन या.